पुढच्या चाकांवर चालणाऱ्या मोटारीचे सस्पेन्शन : काय बदलावे, कोणत्या क्रमाने बदलावे

आपल्या रस्त्यांवर धावणाऱ्या बहुतेक लहान मोटारींची पुढची चाके गाडी ओढतात. अॅम्बॅसडर आणि प्रीमियर पद्मिनी या जुन्या मोटारींत इंजिन पुढे असले तरी त्याची शक्ती मागच्या चाकांना मिळत असे. डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 रस्त्यावर आली आणि ‘फ्रंट-व्हील ड्राइव्ह’ ही रचना सामान्य भारतीय कुटुंबाच्या दारात पोहोचली. इंजिन आडवे बसवून पुढच्या चाकांना शक्ती देण्याची ही पद्धत 1959 मध्ये अॅलेक इसिगोनिस यांच्या ‘मिनी’ मोटारीने लोकप्रिय केली होती. या रचनेमुळे लांबीने लहान गाडीतही माणसांना पुरेशी जागा मिळते आणि वजन व खर्च दोन्ही वाचतात. त्याची किंमत मात्र वळणावर मोजावी लागते. वेगाने वळताना गाडी आतल्या बाजूला येण्याऐवजी बाहेर ढकलली जाते. यालाच अंडरस्टिअर म्हणतात.

हा दोष कमी करण्यासाठी बाजारात स्प्रिंग, शॉकअब्सॉर्बर, स्टॅबिलायझर बार, रबर बफर असे अनेक भाग मिळतात. त्यांतले कोणते आपल्या गाडीला उपयोगी, कोणते निरुपयोगी आणि कोणते धोकादायक, हे ठरवण्याआधी गाडी कोणत्या रस्त्यावर, किती माणसे घेऊन धावते हे पाहावे लागते.

एक रस्ता, दोन परीक्षा

उदाहरणासाठी मध्य प्रदेशातील मराठीभाषक सीमाभागाचा एक मार्ग घेऊ. पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके 2023 मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळे होऊन पांढुर्णा जिल्हा अस्तित्वात आला. सौंसरजवळच्या जामसांवली येथे निद्रिस्त मुद्रेतील हनुमानाचे प्रसिद्ध मंदिर आहे. नागपूरहून हे अंतर पासष्ट किलोमीटरच्या आसपास भरते. मंगळवारी आणि शनिवारी विदर्भातून कुटुंबेच्या कुटुंबे मोटारीने दर्शनाला जातात. नागपूर ते सावनेर आणि पुढे राष्ट्रीय महामार्ग 547 हा रस्ता बराचसा सपाट व वेगाचा आहे. दर्शन घेऊन छिंदवाड्याकडे निघालेल्यांना मात्र सिल्लेवानी घाट चढावा लागतो. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे 310 मीटर उंचीवर आहे, तर छिंदवाडा सुमारे 675 मीटरवर. म्हणजे एकाच प्रवासात सरळ रस्त्यावरची स्थिरता आणि घाटातली वळणे, या दोन्हींची परीक्षा होते. शिवाय गाडीत पाच माणसे आणि सामान असते.

गोव्यातील वाचकांना हीच परिस्थिती अनमोड आणि चोर्ला घाटांत भेटते. त्यात पावसाळ्याचे चार महिने रस्ता ओला असतो. म्हणून पुढील विवेचन या सर्व रस्त्यांना सारखेच लागू पडते.

भाराचे गणित

रिकाम्या लहान मोटारीच्या वजनाचा सुमारे साठ टक्के भाग पुढच्या चाकांवर असतो. उदाहरणादाखल 900 किलोची गाडी धरली, तर साधारण 550 किलो पुढे आणि 350 किलो मागे. आता पुढे दोन माणसे, मागे तीन माणसे आणि डिकीत साठ किलो सामान चढवले, की एकूण वजन 1,295 किलोच्या घरात जाते. मागे बसलेल्यांचा भार मुख्यतः मागच्या चाकांवर पडत असल्याने पुढे सुमारे 660 आणि मागे सुमारे 635 किलो अशी जवळजवळ समसमान वाटणी होते. पुढचा भार वीस टक्क्यांनी वाढला, पण मागचा ऐंशी टक्क्यांनी. चालक एकटा असताना जी गाडी ओळखीची वाटते, ती कुटुंब बसल्यावर वेगळी वागते ती यामुळेच.

वळणावर आणखी एक गोष्ट घडते. आतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांवर सरकतो. हा सरकणारा भार गाडीचे वजन, वळणाचा जोर, गुरुत्वमध्याची उंची आणि दोन चाकांमधील रुंदी यांवर अवलंबून असतो. वरील भरलेल्या गाडीचा गुरुत्वमध्य 55 सेंटिमीटर उंचीवर आणि चाकांमधील अंतर 148 सेंटिमीटर धरले, तर गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या जोराच्या वळणावर सुमारे 240 किलो भार आतून बाहेर जातो. कितीही कडक स्प्रिंग बसवली, कितीही महाग शॉकअब्सॉर्बर घातला, तरी हा आकडा फारसा बदलत नाही. कडकपणामुळे बदलते ती त्या 240 किलोंची पुढच्या आणि मागच्या चाकांमधील वाटणी. ज्या बाजूचे सस्पेन्शन कलण्याला अधिक विरोध करते, त्या बाजूच्या चाकांमध्ये अधिक भार सरकतो.

टायरची पकड भाराबरोबर वाढते, पण त्याच प्रमाणात वाढत नाही. भार दुप्पट केला तर पकड दुपटीपेक्षा कमी भरते. त्यामुळे ज्या जोडीत भाराची विषमता अधिक, त्या जोडीची एकूण पकड कमी. पुढच्या चाकांना ओढायचेही असते, वळवायचेही असते आणि ब्रेकचा मोठा वाटाही उचलायचा असतो. म्हणून पुढचा कडकपणा वाढवला की अंडरस्टिअर सामान्यतः वाढतो आणि मागचा वाढवला की तो कमी होतो. सस्पेन्शनमधील बदलांची निवड या नियमाच्या आधारेच करावी लागते.

गाडीखाली काय असते

आजच्या बहुतेक लहान मोटारींत पुढे मॅकफर्सन स्ट्रट आणि मागे टॉर्शन बीम असतो. मारुती स्विफ्ट, ह्युंदाई आय-20, टाटा अल्ट्रोझ या गाड्यांची रचना याच धर्तीची आहे. अमेरिकन अभियंता अर्ल मॅकफर्सन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्ट्रटमध्ये स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर एकाच खांबात बसवलेले असतात. खाली एक लोअर आर्म, वर एक माउंटिंग, इतक्याच भागांवर चाक तोलले जाते. रचना स्वस्त आणि आटोपशीर आहे. मात्र गाडी फार कलली की बाहेरचे पुढचे चाकही कलते आणि टायर आपल्या बाहेरच्या कडेवर येतो.

टॉर्शन बीम म्हणजे मागच्या दोन चाकांच्या भुजांना जोडणारी पोलादी तुळई. गाडी कलली की ती पीळ घेते आणि स्टॅबिलायझर बारचे काम काही प्रमाणात स्वतःच करते. 1974 च्या फोक्सवॅगन गोल्फपासून ही रचना लहान मोटारींत रुळली. तिच्यातील चाकांचे कोन सहसा जुळवता येत नाहीत. मागच्या चाकाचे अलाइनमेंट चुकलेले आढळले, तर बीम वाकला आहे किंवा हबमध्ये दोष आहे, असा संशय घ्यावा.

पहिली पायरी : टायर

सस्पेन्शनवर एक रुपया खर्च करण्याआधी टायर पाहावेत, कारण रस्त्याशी संबंध फक्त त्यांचाच असतो. टायरच्या बाजूवरील चार अंकांवरून त्याचे वय कळते. ‘2324’ याचा अर्थ 2024 सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला टायर. नक्षी शिल्लक असली तरी जुने रबर कडक होते आणि ओल्या रस्त्यावर पकड सोडते.

हवेचा दाब चालकाच्या दाराजवळील पट्टीवर दिलेला असतो. तेथे रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी बहुधा वेगळे आकडे असतात. पाच जण घेऊन लांबच्या प्रवासाला निघताना भरलेल्या गाडीचा आकडा वापरावा आणि दाब टायर थंड असताना मोजावा. मागच्या टायरमध्ये हवा कमी असेल, तर वेगात मार्गिका बदलताना गाडीचे शेपूट उशिरा आणि झुलत येते. अनेकदा हा दोष सस्पेन्शनचा समजला जातो.

रुंद टायर बसवायचे असल्यास चाकाचा एकूण व्यास मूळ व्यासापेक्षा तीन टक्क्यांहून अधिक बदलू देऊ नये. नाहीतर वेगमापक चुकतो आणि टायर चाकाच्या कमानीला घासतो. मोठी, जड अॅलॉय चाके घेतल्यास स्प्रिंगखालचे वजन वाढते आणि खडबडीत रस्त्यावर चाक जमीन सोडू लागते. दोन टायर नवे आणि दोन जुने अशी वेळ आली, तर नवे टायर मागे बसवावेत. ओल्या रस्त्यावर पुढची पकड सुटली तर चालकाला ते स्टिअरिंगमध्ये जाणवते व वेग कमी करता येतो. मागची पकड सुटली तर गाडी सावरणे सामान्य चालकाला कठीण जाते.

दुसरी पायरी : झिजलेले भाग आणि अलाइनमेंट

पन्नास-साठ हजार किलोमीटर धावलेल्या गाडीचे लोअर आर्म बुश, बॉल जॉइंट, स्टॅबिलायझर लिंक आणि स्ट्रट माउंटिंग तपासून घ्यावेत. बुश सैल झाला की ब्रेक लावताना चाक किंचित मागे सरकते, त्याचा कोन बदलतो आणि गाडी एका बाजूला ओढते. लिंक सैल झाली की खड्ड्यातून जाताना खडखड ऐकू येते आणि स्टॅबिलायझर बार आपले काम उशिरा सुरू करतो. हे भाग तुलनेने स्वस्त आहेत. ते बदलल्यावर ‘नवे सस्पेन्शन बसवल्यासारखे’ वाटते, आणि त्यात अतिशयोक्ती नसते.

त्यानंतर अलाइनमेंट करावे. टो म्हणजे चाकांची तोंडे आत वा बाहेर किती वळली आहेत ते. कॅम्बर म्हणजे चाक उभ्या रेषेपासून किती कलले आहे ते. पुढच्या चाकांचा वरचा भाग किंचित आत कलता ठेवला, म्हणजे कॅम्बर एक अंशाच्या आसपास ऋण केला, तर वळणात बाहेरचा टायर सपाट टेकतो आणि अंडरस्टिअर लक्षणीय कमी होतो. बहुतेक स्ट्रटवर मुळात ही सोय नसते. त्यासाठी वेगळे कॅम्बर बोल्ट मिळतात. कमी खर्चात होणाऱ्या बदलांमध्ये हा सर्वांत परिणामकारक मानावा लागेल. मर्यादा मात्र पाळावी. कोन जास्त झाला की टायरची आतली कड लवकर झिजते आणि सरळ रस्त्यावर ब्रेकची पकड घटते.

तिसरी पायरी : शॉकअब्सॉर्बर

गॅरेजमध्ये ज्याला ‘शॉकअप’ म्हणतात, त्या भागाचे काम स्प्रिंगची उसळी शमवण्याचे आहे. गाडीचा भार पेलणे हे स्प्रिंगचे काम. तेल गळणे, टायरवर ठिकठिकाणी खळगे पडणे, उंचवटा ओलांडल्यावर गाडी दोन-तीनदा हेलकावणे ही शॉकअब्सॉर्बर संपल्याची लक्षणे. बॉनेट हाताने दाबून पाहण्याची चाचणी सर्वत्र केली जाते, पण तिच्यातून फक्त पूर्ण निकामी झालेला भाग कळतो. निम्मा झिजलेला शॉकअब्सॉर्बर या चाचणीत सहज उत्तीर्ण होतो.

बदलताना एका आसावरील दोन्ही एकदम बदलावेत. मूळ दर्जाचे शॉकअब्सॉर्बर भारतात सहज मिळतात. 1961 मध्ये स्थापन झालेल्या गॅब्रिएल इंडियाचे कारखाने नाशिक आणि चाकण येथे आहेत. मूळ भागापेक्षा किंचित कडक, वायूचा दाब असलेला शॉकअब्सॉर्बर घाटात गाडीचे कलणे आणि सावरणे अधिक नियंत्रित करतो. वळणाच्या शेवटी गाडी किती कलेल हे तो ठरवत नाही, तिथवर ती किती झटकन पोहोचेल एवढेच ठरवतो. फार कडक शॉकअब्सॉर्बर खडबडीत रस्त्यावर चाकाला खळग्यात उतरू देत नाही. परिणामी टायर हवेत राहतो आणि पकड घटते. गुळगुळीत शर्यतीच्या मार्गावर जे गुण ठरते, तेच गावाकडच्या रस्त्यावर दोष ठरते.

चौथी पायरी : स्टॅबिलायझर बार

अंडरस्टिअरवर थेट उपाय म्हणजे मागच्या बाजूचा कडकपणा वाढवणे, आणि त्यासाठी मागचा स्टॅबिलायझर बार सर्वांत योग्य. सरळ रस्त्यावर दोन्ही चाके एकदम वर-खाली झाली तर तो काम करत नाही, म्हणून आराम फारसा घटत नाही. गाडी कलली की मगच तो पीळ घेतो. काही गाड्यांच्या टॉर्शन बीमला बोल्टने जोडता येतील असे बार मिळतात.

बारची ताकद त्याच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. 20 मिलिमीटरचा भरीव बार काढून 22 मिलिमीटरचा बसवला, तर व्यास दहा टक्क्यांनी वाढतो पण कडकपणा सुमारे 46 टक्क्यांनी. म्हणून ‘जरासा जाड’ हे शब्द येथे फसवे आहेत. उपलब्ध मापांतले सर्वांत लहान माप आधी घ्यावे.

या बदलाची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. मागचा कडकपणा मर्यादेबाहेर वाढला, की वळणाच्या मध्यात चालकाने घाबरून अॅक्सिलरेटर सोडताच भार पुढे येतो, हलकी झालेली मागची चाके पकड सोडतात आणि गाडीचे शेपूट बाहेर जाते. उतारावर ब्रेक लावल्यास हा परिणाम अधिक तीव्र होतो. आपल्या उदाहरणातल्या गाडीला मध्यम जोराचा ब्रेक लावला तरी सुमारे 145 किलो भार मागून पुढे सरकतो. सिल्लेवानी किंवा अनमोड घाट उतरताना, ओल्या रस्त्यावर, अंडरस्टिअर करणारी गाडी सामान्य चालकासाठी अधिक सुरक्षित असते. उत्पादक कंपन्या गाडीला थोडा अंडरस्टिअर मुद्दामच ठेवतात, तो याच कारणाने. तो कमी करावा, पण नाहीसा करू नये.

पाचवी पायरी : स्प्रिंग

स्प्रिंगला शेवटचा क्रम देण्याची दोन कारणे आहेत. पहिले म्हणजे स्प्रिंग बदलली की तिला साजेसा शॉकअब्सॉर्बरही घ्यावा लागतो. कडक स्प्रिंगवर मूळ शॉकअब्सॉर्बर ठेवला तर गाडी उसळत राहते. दुसरे म्हणजे गाडी खाली बसवण्याचा लाभ समजला जातो त्यापेक्षा बराच कमी असतो. गाडी 30 मिलिमीटरने खाली आणली, तर वर सांगितलेल्या 240 किलोंपैकी फक्त तेरा किलोंच्या आसपास भार सरकायचा वाचतो. त्या बदल्यात गतिरोधकावर तळ घासतो, स्प्रिंगचा प्रवास कमी होऊन गाडी स्टॉपर रबरवर आदळते आणि लोअर आर्मचा कोन बिघडून स्ट्रटची भूमितीच बदलते. खूप खाली बसवलेली स्ट्रटची गाडी कधीकधी मूळ गाडीपेक्षाही अधिक कलते.

नेहमी पूर्ण भरून धावणाऱ्या गाडीसाठी मागे किंचित कडक, मूळ उंचीची स्प्रिंग उपयुक्त ठरू शकते. पाच माणसे बसल्यावर गाडीची मागची बाजू फार खाली जात असेल, तर हेडलाइटचा झोत वर जातो, समोरच्याला त्रास होतो आणि मागच्या स्प्रिंगला खड्डा झेलण्यासाठी जागाच उरत नाही. मात्र त्याआधी मूळ स्प्रिंग थकली आहे का, हे रिकाम्या गाडीची उंची मोजून पाहावे.

काय टाळावे

स्प्रिंगचे वेढे कापणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत घातक प्रकार. स्प्रिंगचा कडकपणा वेढ्यांच्या संख्येच्या उलट्या प्रमाणात असतो. सहा कार्यरत वेढ्यांपैकी एक कापला की कडकपणा वीस टक्क्यांनी वाढतो, पण कापलेले टोक बैठकीत नीट बसत नाही आणि चाक लोंबकळताच स्प्रिंग जागची हलू शकते.

वेढ्यांमध्ये अडकवायचे रबर बफर हे खाली बसणाऱ्या गाडीवरचा तात्पुरता इलाज म्हणून विकले जातात. ते काही वेढ्यांना काम करू देत नाहीत, त्यामुळे उरलेल्या वेढ्यांवर ताण वाढतो. स्ट्रटखाली ठोकळे घालून गाडी उंच केल्यास गुरुत्वमध्य वर जातो, ड्राइव्ह शाफ्टचे सांधे वाकड्या कोनात फिरतात आणि वळणातील भाराचे सरकणे वाढते.

दोन स्ट्रटच्या माथ्यांना जोडणारा चमकदार दांडा दिसायला आकर्षक असतो. आधुनिक गाडीचे कवच मुळातच पुरेसे मजबूत असल्याने नेहमीच्या वेगात त्याचा फरक क्वचितच जाणवतो.

कायद्याची चौकट

मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका अधोरेखित केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182-अ नुसार अनधिकृत फेरफार करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. झिजलेल्या भागाच्या जागी त्याच मॉडेलसाठीचा, त्याच मापाचा भाग बसवणे ही दुरुस्ती आहे. उंची, चाकांचा आकार किंवा रचना बदलण्याआधी मात्र प्रादेशिक परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे लेखी विचारणा करावी. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर दाव्याच्या आड येऊ शकतो.

बदल कसा पारखावा

मोटार कंपन्या असे बदल बंदिस्त मार्गांवर पारखतात. मध्य प्रदेशातच पिथमपूर येथील नॅट्रॅक्स या केंद्रात 11.3 किलोमीटर लांबीचा वेगमार्ग जून 2021 मध्ये खुला झाला. सामान्य मालकाला ती सोय नाही, आणि घाट ही प्रयोगशाळा नव्हे. म्हणून एका वेळी एकच बदल करावा, टायरचा दाब आणि गाडीतील भार तोच ठेवावा, मोकळ्या मैदानात कमी वेगाने गाडी फिरवून पाहावी आणि जाणवलेला फरक लिहून ठेवावा. शेवटची पारख पूर्ण भरलेल्या गाडीवर करावी, कारण ती याच स्थितीत लांबचा प्रवास करणार असते.

वेगाचे गणितही सोबत ठेवावे. पन्नास मीटर त्रिज्येच्या वळणावर वेग ताशी 40 वरून 56 किलोमीटरवर गेला, की बाजूचा जोर जवळजवळ दुप्पट होतो. हा जोर पेलण्यासाठी कोणताही बार वा स्प्रिंग दुप्पट पकड देऊ शकत नाही. चांगले टायर, घट्ट बुश, योग्य अलाइनमेंट आणि ताजे शॉकअब्सॉर्बर एवढ्यावर बहुतेक कुटुंबांची गरज भागते. त्यानंतरही अंडरस्टिअर खटकत असेल, तरच मागच्या बारचा विचार करावा. स्प्रिंगला हात लावण्याची वेळ फार थोड्यांवर येते.